समीक्षकांचं ऐकून घडवलेला खेळ: ‘डेडफायर’चं प्रकरण

८ मे २०१८ रोजी ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायर’ हा व्हिडिओ गेम पीसीवर आला आणि समीक्षकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याची सरासरी शंभरपैकी ८८ वर स्थिरावली. २०१५ मधल्या पहिल्या भागाची ८९ होती, म्हणजे दोघांत जेमतेम एका गुणाचं अंतर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट रोल-प्लेइंग (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) खेळाच्या पाच नामांकनांत त्याचं नाव होतं. तरीही खेळ अपेक्षेइतका खपला नाही. २०१९ मध्ये त्याचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी जाहीरपणे लिहिलं की विक्री कमी का राहिली याचं खात्रीचं उत्तर आपल्याकडे नाही, आणि ते कळल्याशिवाय तिसरा भाग कसा आखायचा हे ठरवणं कठीण आहे.

या खेळाची चर्चा निघाली की ती हमखास विक्रीच्या कोड्याकडे वळते. ते कोडं मोठं आहे, त्याच्याकडे पुढे येईनच. पण मला या प्रकरणात त्याआधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या भागावर समीक्षकांनी आणि खेळाडूंनी घेतलेले जवळजवळ सगळे आक्षेप ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या निर्मात्या स्टुडिओने दुसऱ्या भागात प्रामाणिकपणे दूर केले. आणि दुसऱ्या भागावर जे दोन मोठे आक्षेप आले, ते या दुरुस्त्यांमधूनच जन्मलेले होते. समीक्षा आणि निर्मिती यांचं नातं इतकं स्वच्छ दिसणारं दुसरं उदाहरण या प्रकारच्या खेळांत मला तरी माहीत नाही.

(कथानकातले काही उलगडे पुढे येणार आहेत. खेळ खेळायचा बाकी असेल तर मुख्य कथेवरचा भाग सोडून वाचा.)

पहिल्या भागाचं देणं

या प्रकाराचा आदर्श असलेला ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ १९९८ मध्ये आला, त्याचा दुसरा भाग २००० मध्ये. वरून तिरपं दिसणारं, हाताने रंगवल्यासारखं जग, सहा जणांची पार्टी, म्हणजे खेळाडूच्या हुकमातली टोळी, चालू लढाई थांबवून प्रत्येकाला हुकूम द्यायचा आणि पुन्हा सुरू करायची. ही घडण पुढच्या दशकात जवळजवळ नाहीशी झाली. प्रकाशकांना त्रिमितीय, कन्सोलवर चालणारे खेळ हवे होते. २०१२ मध्ये ऑब्सिडियनचा एक मोठा प्रकल्प रद्द झाला, स्टुडिओ अडचणीत आला, आणि त्याच वर्षी त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर थेट खेळाडूंकडे पैसे मागितले. मागितले होते ११ लाख डॉलर. ७३,९८६ जणांनी मिळून ३९.८ लाखांहून अधिक दिले. त्यातून २६ मार्च २०१५ रोजी ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ आला.

त्याचं कौतुक झालं त्यात कृतज्ञतेचा वाटा मोठा होता. हरवलेला प्रकार परत आला, तोही जुन्या नावाच्या परवान्याशिवाय, स्वतःच्या नव्या जगासह. पण कौतुकाच्या खाली आक्षेपही होते आणि ते बऱ्यापैकी सारखे होते. मजकूर फार, पहिल्या तासातच देवांची, देशांची, युद्धांची नावं अंगावर येतात. लढाईत सहा जण, तेवढेच किंवा जास्त शत्रू आणि जादूचे झगमगाट यांच्या गर्दीत काय चाललंय ते कळत नाही. वाटेत निरर्थक लढाया खूप. काएद नुआ हा किल्ला मिळतो, पण त्याचा कथेशी संबंध नावापुरता. पैसे देणाऱ्यांनी लिहिलेली, सोनेरी नावांची पात्रं गावोगाव उभी असतात आणि त्यांच्या आत्म्यांच्या गोष्टींचा मुख्य कथेशी काहीच संबंध नसतो. एकूण सूर उदास, राखाडी.

आता दुसरा भाग बघा. संवादात एखादं अनोळखी नाव आलं की त्यावर कर्सर नेताच छोटी माहिती उघडते. जवळजवळ सगळे संवाद आवाजात ऐकू येतात. पार्टी सहावरून पाचवर आणली, कारण लढाई वाचता यावी. साथीदारांनी कधी काय करावं याचे नियम खेळाडूला स्वतः लिहिता येतात. किरकोळ लढायांची छाटणी झाली. किल्ल्याच्या जागी जहाज आलं, आणि ते दर पावलाला वापरावं लागतं. पैसे देणाऱ्यांची ती सोनेरी पात्रं गेली. राखाडी जंगलांऐवजी निळं पाणी, पाऊस, वाऱ्यावर डोलणारे माड. पार्श्वभूमी अजूनही द्विमितीयच, पण त्यात प्रकाश आणि हवामान हलतं. २०१८ मध्ये या प्रकारात इतकं देखणं काही नव्हतं, आणि त्यावर समीक्षकांचं एकमत होतं.

इतकी आज्ञाधारक दुरुस्ती मी क्वचित पाहिली आहे. एकेक आक्षेप घ्या, त्याचं उत्तर खेळात सापडतं.

नेकेटाका

ज्या गोष्टीवर बहुतेक परीक्षणांनी सगळ्यात उबदार शब्द खर्च केले ती म्हणजे डेडफायर द्वीपसमूहाचं राजकारण, आणि ते कौतुक पूर्ण लायकीचं होतं. उलट मला वाटतं ते कमीच पडलं.

द्वीपसमूह हुआना लोकांचा. त्यांची राणी दुसरी ओनेकाझा नेकेटाका या डोंगरावर चढत गेलेल्या शहरात बसते. तिच्या बंदरात दोन परकीय कंपन्या आहेत. वेलियन ट्रेडिंग कंपनीला अद्रा हवं आहे, ज्या खनिजातून आत्म्यांचा प्रवाह वाहतो ते. त्यावर त्यांची विद्या आणि व्यापार दोन्ही उभे आहेत. रॉयल डेडफायर कंपनी राउआताई साम्राज्याची, शिस्तबद्ध, तोफांनी सज्ज. तिला हे समुद्र साम्राज्याला जोडायचे आहेत. आणि चौथे प्रिन्सिपी, म्हणजे समुद्री चाचे, ज्यांच्यात जुन्या घराण्यांचा अभिमान धरणारा फुर्रान्ते आणि मोकाट नवी पिढी पुढे नेणारी आल्डिस यांची आपसात झुंज आहे.

साधा लेखक इथे थांबला असता: स्थानिक लोक चांगले, परकीय वाईट, चाचे रंगतदार. ‘डेडफायर’ थांबत नाही. हुआनांच्या व्यवस्थेत जाती आहेत, आणि सगळ्यात खालच्या रोपारू लोकांच्या वाट्याला वरच्यांचं खाऊन उरलेलं येतं. नेकेटाकाच्या तळाशी ‘गलेट’ नावाची वस्ती आहे. वर मंदिरं आणि राजवाडा, खाली भूक. तुम्ही राणीच्या बाजूने परकीयांना हाकलायचं ठरवलंत तर ही व्यवस्थाही तुमच्या पदरात पडते. राउआताईवाले रोपारूंना काम आणि पोटभर अन्न देऊ शकतात, आणि त्याबदल्यात त्यांची भाषा, देव, समुद्र सगळं गिळतील. वेलियन लोक हसतमुख आणि सुशिक्षित आहेत. त्यांच्या हिशोबाच्या वह्यांत माणसं कुठे बसतात ते हळूहळू कळतं. स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या चाच्यांपैकी फुर्रान्तेचे गुलामांच्या व्यापाऱ्यांशी संबंध आहेत.

आणि या बाजू तुमच्या साथीदारांच्या रूपाने पार्टीत शिरतात. पालेजिना वेलियनांची, माया रुआ राउआताईच्या आरमाराची, टेकेहू हुआनांचा. माया तुमच्या शेजारी बसून विनोद करते आणि तिच्यावर सोपवलेल्या कामगिऱ्यांत तुमची मदत मागते. काम करून झाल्यावर त्याचा अर्थ लागतो. खलनायकी हसण्यातून किंवा काळ्या झग्यातून साम्राज्य दाखवणं सोपं असतं. इथे ते एका आवडत्या मैत्रिणीच्या रूपात येतं, आणि म्हणून त्याला नकार देणं खरोखर जड जातं. या खेळाचं लेखन मला सर्वांत जास्त याच ठिकाणी भिडलं.

परीक्षणांनी हे ओळखलं, पण बहुतेकांनी त्याला ‘बाजूच्या कामगिऱ्या उत्तम’ अशा ओळीत बसवलं. हा शब्दप्रयोग या प्रकारच्या खेळांच्या समीक्षेत सवयीने येतो आणि इथे त्याने नुकसान केलं. गटांचं राजकारण हा ‘डेडफायर’चा गाभा आहे. बाजूला आहे ती मुख्य कथा.

देव चालत निघाला आहे

मुख्य कथा अशी. मेलेला समजला गेलेला एओथास हा देव काएद नुआखालच्या अद्राच्या अजस्र पुतळ्यात जागा होतो, किल्ला तुडवतो, अनेकांच्या आत्म्यांचा चुराडा करतो आणि समुद्रात चालू लागतो. तुम्ही, म्हणजे पहिल्या भागाचा नायक ‘वॉचर’, मरता मरता मृत्यूचा देव बेराथ याच्या हुकमाने परत येता आणि एओथासच्या मागे निघता. तो का चाललाय, हे शोधायचं.

सुरुवात म्हणून ही जबरदस्त आहे. पण मग तुम्हाला जहाज मिळतं, नकाशा उघडतो, अनाम बेटं दिसतात ज्यांना स्वतः नाव ठेवता येतं, आणि डोंगराएवढा देव जगाचं भवितव्य बदलायला निघालेला असताना तुम्ही तासन्‌तास खजिने शोधत, खलाशांसाठी धान्य भरत, बंदराबंदरांत भांडणं सोडवत फिरता. कथा म्हणते घाई करा. खेळ म्हणतो सावकाश फिरा. ही विसंगती अनेक परीक्षणांनी टिपली, आणि त्याला जोडून दुसरा आक्षेप: मुख्य कथा लांबीने लहान आहे, आणि तिच्या वळणांवर तुमच्या हातात फार काही नाही. मधूनमधून देव आपसात भांडतात आणि तुम्ही ऐकत उभे असता. शेवटी उकाइझो बेटावर एओथास आत्म्यांच्या पुनर्जन्माचं चक्र मोडतो. त्याला थांबवता येत नाही. मोडल्यानंतर त्याने जगाला काय द्यावं यावर थोडा प्रभाव टाकता येतो, इतकंच.

या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्याबाबत माझं मत वेगळं आहे. देवाला थांबवता न येणं हे दोष म्हणून मोजलं गेलं, पण कथेचा विषयच तो आहे. द्वीपसमूहातले चारही गट उकाइझोवर ताबा कोणाचा याच्यासाठी लढत आहेत, आणि ज्या जगासाठी लढत आहेत त्याचा पायाच कोणीतरी काढून घेतो. मोठ्या शक्तींच्या पायाखाली सापडलेल्या माणसांनी उरलेल्या जागेत काय करायचं, हा प्रश्न राजकारणातही आहे आणि देवांच्या कथेतही. दोन्ही धागे एकच गोष्ट सांगतात.

मात्र ते एकमेकांना खेळाच्या ओघात भेटत नाहीत, जवळजवळ शेवटापर्यंत. आणि याचं मूळ दुरुस्त्यांच्या त्या यादीत आहे. पहिल्या भागात प्रवास एका दिशेचा होता, म्हणून मोकळं जग हवं अशी मागणी. मोकळं जग दिलं की कोणत्या खेळाडूने कोणतं बेट कधी गाठलं हे लेखकाला माहीत नसतं. मग मुख्य कथा अशी लिहावी लागते की ती मधल्या कशावरही अवलंबून नसेल. परिणामी ती सडपातळ होते आणि बाकी जगापासून सुटी पडते. ‘पहिल्या भागात कथा जड होती’ या तक्रारीचं उत्तर ‘दुसऱ्या भागात कथा हलकी आहे’ या तक्रारीत निघालं.

इथे आणखी एक अडचण होती, जिच्याकडे जुने खेळाडू असलेल्या समीक्षकांचं लक्ष फारसं गेलं नाही. एओथासच्या रागाचं कारण पहिल्या भागाच्या शेवटी उघड होणाऱ्या गुपितात आहे: हे देव माणसांनीच घडवले. ज्याने पहिला भाग खेळला नाही त्याला ही गोष्ट माहिती म्हणून सांगितली जाते. ज्याने खेळला त्याच्यासाठी तो घाव असतो. कथेचा सगळा भार या फरकावर आहे.

सोपं का झालं

दुसरा मोठा आक्षेप अडचणीच्या पातळीचा. प्रदर्शनाच्या आठवड्यात हा खेळ फार सोपा होता. ‘पाथ ऑफ द डॅम्ड’ ही सर्वांत कठीण पातळी निवडूनही अनुभवी खेळाडू शत्रूंना झोडपत पुढे जात होते. स्टुडिओने हे मान्य केलं आणि पहिल्या काही पॅचमध्ये, म्हणजे प्रदर्शनानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये, वरच्या पातळ्या बऱ्याच कडक केल्या.

बरेच लोक याला आकड्यांची चूक समजतात. आकडे चुकलेच होते, पण त्यामागे रचनेतला एक बदल आहे, आणि तोही जुन्या तक्रारीचं उत्तर म्हणून आलेला.

पहिल्या भागात जादूगाराचे मंत्र विश्रांतीपुरते मोजके होते. विश्रांतीसाठी सामान लागायचं, ते थोडंच बाळगता यायचं. शिवाय दमसास आणि प्रकृती असे दोन वेगळे पट्टे होते. म्हणजे गुहेतली पहिली किरकोळ लढाईसुद्धा शेवटच्या मोठ्या लढाईतून काहीतरी वजा करत असे. मंत्र आत्ता वापरू की राखून ठेवू? हा ताण होता. पण त्याचा त्रासही होता: लोक मंत्र राखूनच ठेवत, लढाया रटाळ होत, आणि सामान संपलं की मागे सरायला परत जावं लागे.

‘डेडफायर’मध्ये जवळजवळ सगळ्या क्षमता प्रत्येक लढाईनंतर भरून येतात. प्रकृतीचा एकच पट्टा. पडलेल्याला जखम होते, जखमा साठत गेल्या तर पात्र मरू शकतं. विश्रांतीने जखमा जातात आणि एखादी क्षमता विशेष ताकदीने वापरण्याची सोय, म्हणजे एम्पॉवर, पुन्हा मिळते. खेळायला हे कितीतरी जास्त मजेचं आहे. प्रत्येक लढाईत सगळी हत्यारं हातात असतात, आणि दोन क्लास (योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार) एकत्र करण्याची नवी सोय मिळाल्याने त्या हत्यारांचे मेळ अगणित होतात. माझ्या मते एकेका लढाईची घडण म्हणून बघितली तर हा या प्रकारातला सर्वांत विचारपूर्वक केलेला खेळ आहे.

पण झीज गेली की प्रत्येक लढाईला स्वतःच्या बळावर कठीण व्हावं लागतं. लहान लढाई पुढच्या मोठीला जड करू शकत नाही. ती एकतर स्वतः धोकादायक असते किंवा काहीच नसते. त्यात जग मोकळं, म्हणजे खेळाडू कुठल्याही क्रमाने फिरून आपल्या पात्राच्या कमाल विसाव्या पातळीकडे वेगाने चढतो आणि ज्या बेटावर दहाव्या पातळीचे शत्रू मांडलेत तिथे पंधराव्या पातळीने उतरतो. शत्रूंची ताकद खेळाडूप्रमाणे वाढवण्याचा पर्याय होता, पण अशा रचनेत एकेक लढाई हाताने तोलायला महिने लागतात. ते महिने प्रदर्शनानंतर खर्च झाले.

आणि समीक्षकाची वेळ तर प्रदर्शनाआधीची असते. साठ-सत्तर तासांचा खेळ मर्यादित दिवसांत संपवायचा, तर माणूस मधली पातळी निवडतो आणि मुख्य वाट धरतो. सोपेपणा त्याला टोचत नाही. उलट सोयीचा वाटतो. म्हणून परीक्षणांत हा आक्षेप आला तरी दबक्या आवाजात आला, आणि खेळाडूंमध्ये तोच सर्वांत मोठा झाला. हाच मुदतीचा प्रश्न उलट बाजूनेही लागू होतो. गटांच्या राजकारणाची खोली दुसऱ्या वेळी, दुसऱ्या बाजूने खेळताना कळते. दुसऱ्यांदा खेळायला कोणत्याही समीक्षकाला वेळ नव्हता. उणं आणि अधिक दोन्ही अर्धवट मोजली गेली.

जहाजांच्या लढाईवर एक वाक्य पुरे: ती मजकुरातून, आळीपाळीच्या चालींनी चालते, दोन-चार वेळा गंमत वाटते, मग बहुतेक जण थेट शत्रूच्या जहाजाला भिडून डेकवर उडी मारतात. साथीदारांच्या परस्पर आवडी-नावडींची नवी यंत्रणाही सुरुवातीला बिघडलेली होती. दोन-तीन संवादांत मैत्री किंवा वैर टोकाला जायचं. तेही पॅचमध्ये सावरलं.

न खपण्याचं कारण

आता विक्री. २०१७ च्या जानेवारीत फिग या तशाच लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर दुसऱ्या भागासाठी ११ लाख डॉलर मागितले गेले. एका दिवसाच्या आत ते जमले आणि शेवटी आकडा ४४ लाखांवर गेला. बातम्यांत हे यश म्हणून आलं. पण पैसे देणाऱ्यांची संख्या ३३,६१४ होती, पहिल्या वेळेच्या निम्म्याहून कमी, आणि जमलेल्या रकमेत परताव्याच्या अपेक्षेने समभाग घेतलेल्या गुंतवणूकदारांचाही पैसा होता. रकमेने उत्साह दाखवला. माणसांच्या संख्येने ओहोटी दाखवली होती, वर्षभर आधीच.

कारणं बरीच सांगितली जातात. चाचे आणि उष्ण समुद्र लोकांना किल्ले-जंगलांइतके ओढून घेत नाहीत. जाहिरात कमी पडली. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ने आळीपाळीच्या लढाईची गोडी लावली होती आणि थांबवत थांबवत चालणारी लढाई जुनाट वाटू लागली होती. शेवटच्या कारणात तथ्य आहे असं मला वाटतं, पण एकटं ते पुरत नाही. त्याच सप्टेंबरनंतर वर्षभराने ‘पाथफाइंडर: किंगमेकर’ याच जुन्या लढाईसह आला आणि प्रदर्शनाच्या वेळी कितीतरी जास्त बिघाड असूनही त्याने आपला वाचक, म्हणजे खेळाडू, मिळवला.

माझा कौल नावातल्या ‘२’ या आकड्याला. पहिला भाग अनेकांनी हरवलेली गोष्ट परत मिळाल्याच्या आनंदात घेतला आणि अर्ध्यावर सोडला. मजकूर जड होता ही तक्रार करणारे नेमके हेच. त्यांच्यासाठी दुसऱ्या भागात सगळं सुधारलं होतं, पण तो त्याच वॉचरची, त्याच देवांची सलग कथा होता. पहिला पूर्ण न करता दुसरा का घ्यायचा? आणि समीक्षा त्यांना काय सांगत होत्या? बहुतेकींचा निष्कर्ष एकाच वळणाचा: पहिला आवडला असेल तर हा जरूर घ्या. वाक्य खरं आहे. पण ज्याला पहिला आवडला नव्हता आणि दुसरा आवडला असता, त्या माणसाला त्या वाक्याने दारातूनच परत पाठवलं. ८८ गुण त्याच्यापर्यंत पोहोचूनही उपयोगाचे नव्हते.

नंतर

स्टुडिओने खेळ सोडून दिला नाही, आणि याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑब्सिडियन विकत घेतलं. त्या वर्षभरात तीन विस्तार आले, ‘बीस्ट ऑफ विंटर’, ‘सीकर, स्लेयर, सर्व्हायव्हर’ आणि ‘द फरगॉटन सँक्टम’. फुकट पॅचमधून देवांच्या नावाची आव्हानं आली. मॅग्रनचं आव्हान लढाई थांबवण्याची सोयच काढून घेतं. एओथासचं आव्हान मुख्य कथेला मुदत लावतं: वेळेत पोहोचला नाहीत तर खेळ संपला. घाई आणि भटकंतीच्या त्या विसंगतीवर याहून नेमका उपाय काढता आला नसता, आणि तो ऐच्छिक ठेवला हेही योग्यच.

जानेवारी २०१९ मध्ये आळीपाळीची लढाईही आली. प्रदर्शित झालेल्या, दुसऱ्याच तालावर बांधलेल्या खेळात ती नंतर बसवणं हे प्रचंड काम होतं. सगळे सांधे जुळले नाहीत. वेगाने वार करणाऱ्या पात्रांना त्यात तोटा होतो. पण ज्यांना लढाईची गर्दी कधीच वाचता आली नव्हती त्यांना खेळ पहिल्यांदा उघडला. जानेवारी २०२० मध्ये कन्सोलवरच्या आवृत्त्या आल्या तेव्हा ही सोय त्यांत होतीच. तिथे तक्रार मुख्यतः लांबलेल्या लोडिंगची होती. २०२५ मध्ये पहिल्या भागाला दहा वर्षं झाली, आणि ऑब्सिडियनने त्या जुन्या खेळातही आळीपाळीची लढाई आणत असल्याचं जाहीर केलं. न खपलेल्या सीक्वेलमध्ये तपासून पाहिलेली गोष्ट त्याच्या गाजलेल्या थोरल्या भावाकडे परत गेली.

त्याच वर्षी याच इओरा जगावरचा ‘अव्हाउड’ आला, पण तो पात्राच्या डोळ्यांतून खेळायचा वेगळ्या प्रकारचा खेळ. २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ला मेटाक्रिटिकवर ९६ मिळाले आणि तो अफाट खपला, तेव्हा या घडणीच्या खेळांना बाजार नाही हे म्हणणं संपलं. सॉयर यांनीही त्यानंतर तेवढं बजेट मिळालं तर तिसरा भाग करायला आवडेल असं म्हटलं आहे.

आज ‘डेडफायर’ सुरू करणार असाल तर सगळे पॅच आणि तिन्ही विस्तारांसह घ्या. पहिला भाग खेळला नसेल तर त्यासाठी अडून राहू नका. सुरुवातीला मागच्या घटनांचे निर्णय विचारले जातात, ते तुम्हाला पटतील तसे द्या. अडचणीची पातळी ‘व्हेटरन’ ठेवा, त्याखाली लढाईची घडण दिसतच नाही. शत्रूंची ताकद वाढण्याचा पर्याय चालू करा, पण फक्त वरच्या दिशेने. आणि नेकेटाकात पोचलात की राजवाड्याकडे चढण्याआधी खाली गलेटमध्ये जा, म्हणजे राणी पहिल्यांदा बोलायला लागेल तेव्हा तिच्या कुठल्या वाक्यावर थांबायचं हे तुम्हाला माहीत असेल.